कॅज्युअल्टीतील घाई आणि ब्लड कल्चरचे खोटे अहवाल

तातडीच्या विभागात, म्हणजे रुग्णालयाच्या रोजच्या बोलीत ज्याला कॅज्युअल्टी म्हणतात तेथे, ब्लड कल्चरसाठी काढलेल्या रक्तात त्वचेवरचे जंतू मिसळणारच, आणि जळगाव-धुळ्यासारख्या जिल्ह्यांत तर ते टाळणे अशक्यच, असे एक मत वैद्यकीय वर्तुळात मूळ धरून बसले आहे. हे मत कोणत्या ग्रंथात मांडलेले नसते; ते रात्रपाळीच्या गप्पांत, वॉर्डातल्या राउंडमध्ये आणि प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्यावर सहज बोलून टाकले जाते. वरिष्ठांकडून कनिष्ठांकडे तोंडी चालत आल्यामुळे त्याला अनुभवाची प्रतिष्ठा लाभली आहे, आणि नेमकी म्हणूनच त्याची लेखी व सविस्तर तपासणी होणे आवश्यक आहे.

ब्लड कल्चर ही तपासणी तत्त्वतः सरळ आहे. निरोगी माणसाचे रक्त निर्जंतुक मानले जाते. संसर्ग बळावून शरीराची व्यवस्था कोलमडू लागली, म्हणजे ज्याला सेप्सिस म्हणतात ती अवस्था आली, की रक्तात कोणते जंतू शिरले आहेत आणि ते कोणत्या प्रतिजैविकाला दाद देतात हे ओळखण्यासाठी शिरेतून रक्त काढून ते जंतूंना पोसणाऱ्या द्रवाच्या बाटलीत सोडतात आणि ती बाटली शरीराइतक्या तापमानात साधारण पाच दिवस ठेवतात. एका मिलिलिटर रक्तात एखादाच जंतू असला तरी तो या द्रवात वाढून कोट्यवधी होतो आणि यंत्राला किंवा तंत्रज्ञाच्या डोळ्याला दिसू लागतो. तपासणीचे सारे बळ या वाढीत आहे आणि तिचा सारा धोकाही त्याच वाढीत आहे, कारण सुईच्या टोकाला चिकटून आलेला त्वचेवरचा एखादा जंतूही त्या बाटलीत तितक्याच जोमाने वाढतो. रुग्णाच्या रक्तात नसलेला, पण त्वचेवरून, तपासणाऱ्याच्या बोटावरून, स्पिरिटच्या बोळ्यावरून किंवा बाटलीच्या रबरी झाकणावरून आत शिरलेला असा जंतू उगवला की तो नमुना दूषित ठरतो. एकूण नमुन्यांत अशा दूषित नमुन्यांचे प्रमाण 3 टक्क्यांच्या आत असावे, हा निकष जगभर अनेक वर्षे मानला गेला; प्रयोगशाळांची मानके ठरवणाऱ्या अमेरिकेतील क्लिनिकल अँड लॅबोरेटरी स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूट या संस्थेने 2022 मध्ये तो आणखी कडक करून, उत्तम पद्धती पाळणाऱ्या रुग्णालयांनी 1 टक्क्याचे ध्येय ठेवावे, असे सुचवले.

प्रतिपक्षाची बाजू दुबळी करून मांडण्यात अर्थ नाही. धुळे शहर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या चौफुलीवर वसलेले आहे. एखाद्या अपघातातले अनेक जखमी एकाच वेळी स्ट्रेचरवरून आत येतात, त्याच वेळी सातपुड्याच्या पायथ्याहून तापाने ग्लानीत गेलेले मूल कोणीतरी खांद्यावर घेऊन येते, आणि ड्युटीवर दोन सिस्टर, एक इंटर्न आणि एक वैद्यकीय अधिकारी एवढेच मनुष्यबळ असते. जळगावात एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांच्या आसपास जातो, माणूस घामाने निथळत असतो, शीर सापडत नसते आणि नातेवाईक सलाईन लावा म्हणून घाई करत असतात. सेप्सिसने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला प्रतिजैविक मिळायला होणारा उशीर जीवघेणा असतो, हेही खरे आहे. आनंद कुमार आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्या सहा तासांत उशिराच्या प्रत्येक तासामागे जगण्याची शक्यता सरासरी 7.6 टक्क्यांनी घटत असल्याचे दिसले होते. अशा स्थितीत त्वचा किती सेकंद घासली याचा हिशेब करत बसायचे की जीव वाचवायचा, असा प्रश्न विचारला जातो, आणि ऐकणाऱ्याला तो निरुत्तर करणारा वाटतो.

तो निरुत्तर करणारा नाही, कारण त्यात तास आणि मिनिट यांची गल्लत केलेली आहे. आनंद कुमार यांच्या अभ्यासातले एकक तास आहे, आणि त्वचेच्या निर्जंतुकीकरणाला लागणारा वेळ एक मिनिट आहे. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 2 टक्के क्लोरहेक्सिडीन असलेल्या द्रावणाने कोपराच्या खोबणीतली त्वचा पुढे-मागे घासायला 30 सेकंद लागतात आणि ती आपोआप कोरडी व्हायला आणखी 30 सेकंद लागतात. पोव्हिडोन आयोडीन वापरले तर वाळायला दीड ते दोन मिनिटे थांबावे लागते, आणि घाईच्या ठिकाणी क्लोरहेक्सिडीन बरे ते याच कारणाने. शिवाय वाळण्याचा अर्धा मिनिट हातावर हात ठेवून काढायचा नसतो. त्याच वेळात बाटल्यांची प्लॅस्टिकची टोपणे काढायची असतात, त्याखालचे रबर निर्जंतुक नसते म्हणून ते अल्कोहोलने पुसायचे असते, आणि बाटलीवर नाव, वेळ व जागा लिहायची असते. रुग्णाला सलाईन लावण्यासाठी, रक्तदाब मोजण्यासाठी, ऑक्सिजनचा मास्क चढवण्यासाठी जी माणसे त्याच खाटेभोवती वावरत असतात त्यांचे काम या मिनिटाने कोणत्याही अर्थाने अडत नाही. कॅज्युअल्टीत केसपेपर निघेपर्यंत, औषध स्टोअरमधून येईपर्यंत, वरिष्ठांना फोन लागेपर्यंत किती वेळ जातो हे तेथे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि त्या वेळाबद्दल ज्यांची तक्रार नसते त्यांनी या एका मिनिटावर जीव वाचवण्याचा भार टाकणे न्यायाचे नाही.

प्रतिजैविक आधी देऊन टाकावे आणि कल्चर नंतर सवडीने घ्यावे, ही सोयीची वाटणारी तडजोडही पटणारी नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उत्तर अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत झालेल्या एका अभ्यासात गंभीर सेप्सिसच्या त्याच रुग्णांचे प्रतिजैविकापूर्वीचे आणि नंतरचे नमुने ताडून पाहिले गेले. आधीच्या नमुन्यांत 31.4 टक्के रुग्णांत जंतू सापडले, तर पहिला डोस दिल्यानंतर दोन तासांच्या आत घेतलेल्या नमुन्यांत हेच प्रमाण 19.3 टक्क्यांवर आले. म्हणजे जंतू सापडण्याची सर्वांत चांगली संधी एकदाच असते, ती औषधाच्या आधीच्या काही मिनिटांत असते, आणि तेवढ्यात घेतलेला नमुना स्वच्छ नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त काढून झालेली चूक भरून निघत नाही.

दूषित नमुना नेमका कसा तयार होतो हे जवळून पाहिले, तर त्यामागे घाई जितकी असते त्याहून अधिक सवय असते. शीर चाचपून सापडते, त्वचा पुसली जाते, आणि सुई टोचण्यापूर्वी तेच उघडे बोट खात्रीसाठी पुन्हा एकदा त्याच जागी टेकते. हे दुसरे चाचपणे इतके नकळत घडते की करणाऱ्यालाही ते नंतर आठवत नाही, आणि आधीच्या 30 सेकंदांची मेहनत त्या एका स्पर्शात वाया जाते. दक्षिण कोरियातील एका रुग्णालयात इंटर्नकडून घेतल्या जाणाऱ्या नमुन्यांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रत्येक वेळी निर्जंतुक हातमोजे घालणे बंधनकारक केल्यावर संभाव्य दूषित नमुन्यांचे प्रमाण 1.1 टक्क्यांवरून 0.6 टक्क्यांवर आले, ते प्रामुख्याने या बोटाच्या बंदोबस्तामुळे आले असावे असे मानायला जागा आहे. निर्जंतुक हातमोजे दर वेळी परवडत नसतील तर शीर आधी नीट पाहून, त्वचेवरच्या एखाद्या तिळाची किंवा सुरकुतीची खूण मनाशी धरून, पुसल्यानंतर त्या जागेला हात न लावणे एवढे तरी कोणत्याही रुग्णालयाला परवडते.

दुसरे कारण म्हणजे स्पिरिटच्या बोळ्यांचा डबा. सकाळी कापसाचे बोळे करून ते स्टीलच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात भरायचे, वरून स्पिरिट ओतायचे, आणि दिवसभर ज्याला लागेल त्याने बोटे घालून एक बोळा पिळून घ्यायचा, ही रीत भारतभरच्या दवाखान्यांत इतकी परिचित आहे की तिच्याकडे संशयाने पाहण्याचे कोणाला सुचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 च्या आपल्या मार्गदर्शिकेत मात्र कापसाचे बोळे असे आधीच भिजवून ठेवू नयेत असे स्पष्ट बजावले आहे, कारण हातांवरचे आणि भोवतालचे जंतू त्या डब्यात साचत जातात. स्पिरिटमध्ये जंतू कसे जगतील, हा त्यावरचा नेहमीचा प्रश्न. बॅसिलस जातीचे जंतू प्रतिकूल काळात जे कवचबद्ध रूप धारण करतात, म्हणजे ज्याला बीजाणू म्हणतात, त्या बीजाणूंवर अल्कोहोलचा परिणाम होत नाही; तैवानमधील एका रुग्णालयात रुग्णांच्या रक्तात बॅसिलस सिरिअस या जंतूची जणू साथच आल्याचे चित्र निर्माण झाले होते, आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधानुसार तिचा उगम मद्याच्या कारखान्यातून आलेल्या व त्वचा पुसण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अल्कोहोलमध्ये निघाला. रुग्णांना तो आजार नव्हताच. त्याआधी 1980 मध्ये न्यूयॉर्कमध्येही अशीच खोटी साथ उघड झाली होती, आणि तिचे मूळ कारखान्यातच दूषित झालेल्या पोव्हिडोन आयोडीनमध्ये सापडले होते. खानदेशच्या उन्हाळ्यात उघड्या डब्यातले अल्कोहोल पाण्याआधी उडून जाते, म्हणजे दुपार कलेपर्यंत डब्यात उरते ते विरळ, ज्याची जंतू मारण्याची शक्ती घटलेली आहे असे द्रावण. उष्णतेचे कारण पुढे करून स्वच्छतेची सूट मागितली जाते. वास्तविक उष्णतेने स्वच्छतेची निकड वाढवलेली आहे. एकेका वापरासाठी बंद पुडीत येणारे स्वॅब काही रुपयांना मिळतात, आणि ते नसतील तर कोरडा निर्जंतुक कापूस घेऊन त्यावर त्या क्षणी बाटलीतून द्रावण ओतणे यालाही वेगळा खर्च येत नाही.

त्वचेचीही एक स्थानिक बाजू आहे, जिचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत नसतो. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागेत घड कापणाऱ्या मजुराच्या हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेले असतात आणि त्यावर माती बसलेली असते; जिनिंगमध्ये काम करणाऱ्याच्या घामट कातडीला सरकीची धूळ आणि कापसाची तूस चिकटलेली असते. अशा त्वचेवर थेट अल्कोहोल फिरवले तर ते मळाच्या थरावरूनच फिरते. आधी साबण-पाण्याने तेवढी जागा धुऊन, टिपून, मग क्लोरहेक्सिडीन लावणे हा याचा सरळ उपाय आहे. कष्टकऱ्याचे हात मळलेले असणारच, म्हणून त्याचा नमुनाही दूषित निघणारच, असे मानणे म्हणजे त्याच्या कष्टाचा दोष त्याच्याच अहवालावर टाकणे होय, आणि ते मान्य करता येत नाही.

यापुढे प्रतिपक्ष आपली भूमिका बदलतो आणि म्हणतो की, दूषित नमुना निघाला तरी बिघडत काहीच नाही. त्वचेवरचे नेहमीचे जंतू, म्हणजे प्रामुख्याने कोअॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस या गटातले, अहवालात दिसले की अनुभवी डॉक्टर ते ओळखतो आणि अहवाल बाजूला ठेवतो. हा युक्तिवाद पहिल्याहून घातक आहे. बॉस्टनमधील संशोधकांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दूषित कल्चरमुळे रुग्णाच्या पुढच्या प्रयोगशाळा तपासण्यांचा खर्च 20 टक्क्यांनी आणि शिरेतून द्यायच्या प्रतिजैविकांचा खर्च 39 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले होते, आणि ते तज्ज्ञांची वाण नसलेल्या शहरातले रुग्णालय होते. प्रत्यक्षात घडते ते असे की, रात्री फोनवर कळते की बाटलीत ग्रॅम पॉझिटिव्ह गोल जंतू दिसत आहेत. ते घातक स्टॅफिलोकॉकस ऑरियस आहेत की त्वचेवरचे निरुपद्रवी, हे ठरायला आणखी वेळ लागणार असतो. आणि रुग्ण अत्यवस्थ असल्याने डॉक्टर व्हँकोमायसिन सुरू करतो. डॉक्टरचे त्यात चुकत नाही. पण मूत्रपिंडांना इजा करू शकणारे हे औषध ज्या जंतूसाठी दिले जाते तो रुग्णाच्या शरीरात नसतोच, आणि ज्या खऱ्या जंतूने त्याला आजारी पाडले तो बाटलीतल्या गर्दीत झाकला जाऊ शकतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार. रुग्णाचे रुग्णालयातले दिवस वाढतात, त्याच्यासोबत आलेल्या माणसाची तितक्या दिवसांची मजुरी बुडते, आणि अनावश्यक प्रतिजैविकांनी आणखी काही जंतू औषधांना सरावतात. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू झाल्याचा अंदाज 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला आहे.

अनुभवी डॉक्टर ओळखतो, हेही नेहमी खरे नसते. तोच कोअॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस अपुऱ्या दिवसांच्या नवजात बाळात किंवा शिरेत मोठी नळी घातलेल्या रुग्णात खरा आजार घडवतो, आणि अशा वेळी तो दूषित ठरवून सोडून देणे जिवावर बेतू शकते. खरे-खोटे वेगळे करण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे दोन वेगवेगळ्या जागांहून दोन सेट, म्हणजे दोन वेगळ्या टोचण्यांतून भरलेले बाटल्यांचे दोन संच, घेणे. दूषित होण्याचे प्रमाण 5 टक्के, म्हणजे विसात एक धरले, तर दोन्ही सेट स्वतंत्रपणे दूषित होण्याची शक्यता चारशेत एक एवढीच उरते. म्हणून दोन्ही सेटमध्ये तोच जंतू उगवला तर तो बहुधा खरा आणि एकाच सेटमध्ये उगवला तर बहुधा त्वचेवरचा, असा निवाडा करता येतो. खर्च वाचवण्यासाठी एकच बाटली घेण्याची रूढी हा निवाडाच अशक्य करून टाकते. प्रौढ रुग्णात प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलिलिटर रक्त जायला हवे, तेथे 3-4 मिलिलिटरवर भागवले की खरा जंतू सापडण्याची शक्यता घटते आणि खोट्याची मात्र तितकीच राहते. समजा शंभर नमुन्यांत आठ रुग्णांच्या रक्तात खरेच जंतू आहेत आणि आठ नमुने दूषित निघतात; मग हाती आलेला प्रत्येक दुसरा पॉझिटिव्ह अहवाल खोटा असतो. असे काही महिने चालले की डॉक्टर अहवाल वाचणे सोडतो, नंतर नमुना पाठवणेही सोडतो, आणि सेफ्ट्रिअॅक्झोन हे प्रतिजैविक सुरू करून विडाल तपासणी लिहून मोकळा होतो. विडाल ही टायफॉइडविरुद्ध शरीरात तयार झालेल्या प्रतिपिंडांची तपासणी असून जुना संसर्ग किंवा लस यांमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. पहिल्या आठवड्यातल्या तापात टायफॉइडचा जंतू प्रत्यक्ष दाखवणारी तपासणी ब्लड कल्चर हीच आहे. दूषित नमुन्यांनी होणारे सर्वांत मोठे नुकसान म्हणजे अहवालावरचा विश्वास असा उडून जाणे, आणि ते कोणत्याही बिलात दिसत नाही.

दोष प्रयोगशाळेचा आहे, असाही एक सूर निघतो. महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात या सुराला एक दुःखद पूर्वपीठिका आहे. 1902 च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचून घेतलेल्यांपैकी 19 जण धनुर्वाताने दगावले. ही सारी लस एकाच बाटलीतली होती, आणि ती मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत तयार झालेली असल्याने त्या प्रयोगशाळेचे प्रमुख वाल्डेमार हाफकिन यांना दोषी धरून पदावरून दूर करण्यात आले. पुढे पुरावा तपासला गेला तेव्हा बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तोच नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता ही गोष्ट समोर आली, रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू लावून धरली, आणि 1907 मध्ये ते दोषमुक्त झाले. ज्यांच्या नावाने 1925 पासून ती संस्था ओळखली जाते त्या माणसाची पाच वर्षे एका पडलेल्या चिमट्यापायी गेली. बाटली प्रयोगशाळेतून निघताना किंवा तेथे पोहोचल्यावर कशी होती याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती माणसाच्या शरीराजवळ उघडली गेली त्या क्षणी काय घडले याला महत्त्व असते; आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला ब्लड कल्चरच्या दूषित नमुन्यांचा जाब विचारताना हा क्षण हिशेबात घेतलाच पाहिजे.

अटळतेचे मत ज्यांच्या वाट्याला सर्वांत महाग पडते ते रुग्ण सातपुड्यातले आहेत. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांतल्या पावरा, भिल्ल आणि तडवी वस्त्यांत सिकलसेलचा आजार आढळतो. 1 जुलै 2023 रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली ती अशाच आदिवासी भागांसाठी. सिकलसेलच्या मुलांत प्लीहेचे जंतू गाळण्याचे काम मंदावत जाते, त्यामुळे न्यूमोकॉकस किंवा साल्मोनेला यांसारखे जंतू रक्तात शिरून काही तासांत मुलाला गंभीर करू शकतात, आणि म्हणून अशा मुलाला ताप आला की ब्लड कल्चर घेऊन ताबडतोब प्रतिजैविक सुरू करायचे असते. डोंगरातून जीपने तासन्‌तास प्रवास करून आलेल्या या मुलाला दुसऱ्यांदा तपासणीसाठी येणे बहुधा शक्य नसते. त्याच्या आईला लिहून दिलेला कागद वाचता येतोच असे नाही. आणि अहवालात काही उगवल्याचा फोन गेला तरी तो उचलणारे घर ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेले असू शकते. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात दूषित अहवाल दुरुस्त करण्याच्या दहा संधी मिळतात. या मुलाला एकच मिळते. म्हणून जिथे साधने तोकडी तिथे काटेकोरपणा सैल चालेल, हे गृहीतक मुळापासून उलटे करायला हवे.

आता उपकरणांविषयी. त्वचा कितीही पुसली तरी तिच्यावरच्या जंतूंपैकी सुमारे पाचवा हिस्सा केसांच्या मुळांत आणि खोल थरांत दडून राहतो, आणि सुई त्यातून जाताना त्वचेचा सूक्ष्म तुकडा रक्ताच्या पहिल्या थेंबांसोबत ओढून नेते. हे पहिले दीड-दोन मिलिलिटर रक्त आपोआप बाजूला काढणारे एकवापरी उपकरण निघाले आहे. अमेरिकेत नेब्रास्का येथील तातडीच्या विभागात झालेल्या व 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने दूषित नमुने 1.78 टक्क्यांवरून 0.22 टक्क्यांवर आणले. असे उपकरण येईल तेव्हाच सुधारणा होईल, असे म्हणणे हेही अटळतेच्या मताचेच दुसरे रूप आहे. उपकरणामागचे तत्त्व सुटे करून वापरता येते, आणि जेरुसलेममधील एका चाचणीत तसे करून दाखवलेले आहे: इतर तपासण्यांसाठी लागणारे रक्त आधी घ्यायचे आणि कल्चरचे नंतर. खानदेशात रक्त बहुधा सिरिंजने काढले जाते. स्कॅल्प व्हेनची सुई शिरेत तशीच ठेवून पहिल्या सिरिंजमध्ये हिमोग्लोबिन-क्रिएटिनिनपुरते रक्त घ्यायचे, मग नवी निर्जंतुक सिरिंज लावून कल्चरचे रक्त घ्यायचे, आणि ते थेट बाटलीत सोडायचे, एवढाच फरक करायचा असतो. एरवीही लागणारेच रक्त पहिले निघते, एक थेंबही वाया जात नाही, आणि खर्च एका जादा सिरिंजचा. याच्याशी जोडून आणखी एक सवय सोडावी लागते: सलाईनसाठी नुकत्याच लावलेल्या इंट्राकॅथमधूनच कल्चरचे रक्त ओढण्याची. रुग्णाचे एक टोचणे वाचते म्हणून हे दयाळूपणाचे वाटते. पण इंट्राकॅथ बसवताना जागा पुन:पुन्हा चाचपली जाते आणि दूषित होण्याचे प्रमाण त्याने वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसलेले आहे. चुकीच्या निदानावर पाच दिवस सलाईनमधून व्हँकोमायसिन घेण्यापेक्षा दुसऱ्या हातावरचे एक टोचणे रुग्णाला निश्चितच सुसह्य असते.

एवढे सगळे सोपे असेल तर ते होत का नाही, याचे उत्तर सिस्टरांच्या किंवा इंटर्नच्या स्वभावात शोधण्याचा मोह टाळला पाहिजे. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तीन दशकांहून अधिक काळ आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2018 पासून डॉक्टर घडवत आहेत. शिकाऊ हातांनी रक्त काढणे हे अशा संस्थांच्या कामाचे स्वरूपच असते, आणि इंटर्न विभाग बदलतो तेव्हा त्याच्यासोबत त्याचे कौशल्यही जाते व नवा हात नव्याने चुकतो. म्हणून व्यवस्था व्यक्तीच्या स्मरणशक्तीवर बेतता कामा नये. क्लोरहेक्सिडीनचा स्वॅब, दोन सिरिंज, स्कॅल्प व्हेन, अल्कोहोलच्या दोन पुड्या, हातमोजे, दोन बाटल्या आणि लेबल हे सारे एका पिशवीत आधीच बांधून ठेवले, तर रात्री दोन वाजता पाच ट्रॉल्या धुंडाळाव्या लागत नाहीत, आणि ज्याला घाई म्हटले जाते त्यातला बराच भाग हा धुंडाळण्याचाच असतो. कोणी पिशव्या बांधायच्या, त्या संपल्या तर कोणाला सांगायचे, हे ठरवण्याला निधी लागत नाही. अधिकाऱ्याची सही लागते. आणि दर महिन्याला एकूण किती सेट गेले व त्यांतले किती दूषित निघाले हा आकडा कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लागला पाहिजे, नाव घेऊन कोणाला लाजवण्यासाठी नव्हे, तर मोजल्याशिवाय कमी-जास्त कळत नाही म्हणून.

लेबलावर आज बहुतेकदा रुग्णाचे नाव आणि नोंदणी क्रमांक एवढेच असते. त्यात कोणत्या हातातून, किती वाजता आणि कोणी, या तीन नोंदींची भर पडली तर प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला बाटलीत त्वचेवरचा जंतू उगवलेला दिसताच फोन उचलून नेमके विचारता येते. समोरून उत्तर देणाऱ्या सिस्टरला किंवा इंटर्नला आपलेच अक्षर आठवते, त्या वेळी रुग्णाला थंडी भरून हात हलत होता, पुसलेल्या जागेला पुन्हा बोट लागले होते, हे आठवते. आणि मग बोलणे कॅज्युअल्टीच्या अटळ घाईबद्दल न राहता डाव्या हाताच्या, रात्री साडेनऊच्या त्या एका नमुन्याबद्दल होते.